माऊसचा पॉइंटर हाताचं ऐकत नाही? ॲक्सेलरेशनचं सेटिंग असं तपासा

माऊस तोच, टेबल तेच, हातही तोच. तरी पॉइंटर कधी अलगद बटणावर जाऊन बसतो, तर कधी बटण ओलांडून पार कोपऱ्यात पळतो. संगणकावर नव्याने बसणाऱ्यांची ही तक्रार मी नेहमी ऐकते. त्यावर बहुतेकांना एकच उपाय सांगितला जातो: "स्पीड कमी कर." स्पीड कमी केला की पॉइंटर इतका मंद होतो, की पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायला माऊस दोन-तीनदा उचलून ठेवावा लागतो. मग वैतागून स्पीड पुन्हा वाढवला जातो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

स्पीड आणि ॲक्सेलरेशन ही दोन वेगळी सेटिंगं आहेत. एवढा एक फरक नीट कळला की पुढचं सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

आधी माऊस काय सांगतो ते पाहू

माऊसला तुमचा पडदा माहीत नसतो. पॉइंटर कुठे आहे, बटण कुठे आहे, याचा त्याला पत्ता नाही. तो संगणकाला फक्त एवढंच कळवतो: "मागच्या वेळेपासून मी उजवीकडे इतकी पावलं आणि वर इतकी पावलं सरकलो." साधा यूएसबी माऊस हे सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी सांगत असतो. एक इंच सरकल्यावर माऊस किती पावलं मोजतो, तो त्याचा डीपीआय. माऊसच्या खोक्यावर ८००, १२००, १६०० असे आकडे छापलेले असतात, ते हेच.

८०० डीपीआयचा माऊस एक इंच सरकवला तर ८०० पावलं होतात. संगणकाने एका पावलाला एक पिक्सेल (पडद्यावरचा सगळ्यात बारीक ठिपका) असा सरळ हिशेब ठेवला, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा पार करायला माऊस २.४ इंच, म्हणजे साधारण ६ सेंटीमीटर सरकवावा लागेल. १६०० डीपीआयच्या माऊसला तेवढ्याच पडद्यासाठी ३ सेंटीमीटर पुरतील.

आता मधला भाग. माऊसने सांगितलेल्या पावलांना संगणक एका आकड्याने गुणतो आणि मग पॉइंटर हलवतो. हा आकडा कायम एकच असेल, तर तो झाला स्पीड. दीडने गुणायचं ठरलं की तुम्ही माऊस हळू सरकवा नाहीतर झटक्यात, प्रत्येक पावलाचे दीड पिक्सेलच होणार. पण हा आकडाच हाताच्या वेगानुसार बदलत असेल, हळू सरकवल्यावर लहान आणि झपकन सरकवल्यावर मोठा होत असेल, तर ते ॲक्सेलरेशन. मग ४ सेंटीमीटर हळू सरकवलेला माऊस पॉइंटरला जिथे नेतो, त्याच्या बऱ्याच पुढे तो झटक्यात सरकवलेल्या ४ सेंटीमीटरमध्ये नेतो. हातालाही मग कळेनासं होतं की एवढ्या हालचालीत पॉइंटर नक्की कुठे पोहोचणार.

मग हे ठेवलंच कशाला?

ॲक्सेलरेशन ही काही चूक नाही, त्यामागे चांगला विचार आहे. आपला हात एखाद्या वस्तूकडे जातो तेव्हा आधी एका झेपेत तिच्या जवळ पोहोचतो आणि मग बारीक दुरुस्ती करत तिला गाठतो. हातांच्या हालचालींचं हे दोन टप्प्यांचं वर्णन रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच करून ठेवलं आहे, संगणक येण्याच्या कितीतरी आधी. ॲक्सेलरेशन या दोन्ही टप्प्यांना मदत करू पाहतं: झेप घेताना पॉइंटर लांब जावा, दुरुस्ती करताना तो मंद व्हावा.

विंडोजमध्ये पूर्वी हे फार ओबडधोबड होतं. विंडोज २००० पर्यंत वेगाचे ठरावीक उंबरठे असत. हालचाल पहिल्या उंबरठ्यापलीकडे गेली की अंतर दुप्पट, आणि सेटिंग सर्वांत वरचं असेल तर दुसऱ्यापलीकडे चौपट. त्यामुळे पॉइंटर मध्येच उसळी घ्यायचा. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, तेव्हा उंबरठे जाऊन त्यांच्या जागी सलग वाढत जाणारा वक्र आला, म्हणजे वेग वाढेल तसा गुणायचा आकडा हळूहळू वाढू लागला, आणि सेटिंगला 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' हे नाव मिळालं. आजच्या विंडोजमध्येही ते याच नावाने आहे आणि आपण हात लावेपर्यंत चालूच असतं. नावात 'प्रिसिजन' आहे म्हणून अनेक जण ते बंद करायला घाबरतात. बंद केल्याने काहीही बिघडत नाही. ते पुन्हा चालू केलं की सगळं होतं तसं होतं.

पायरी पहिली: किरकोळ कारणं बाजूला काढा

माऊस उलटा करून सेन्सरच्या छिद्रात केस किंवा धूळ अडकली आहे का बघा. काचेच्या किंवा फार चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माऊस गोंधळतो, तेव्हा खाली माऊसपॅड किंवा निदान वहीचा पुठ्ठा ठेवा. वायरलेस माऊसचा सेल उतरला असेल तरी पॉइंटर अडखळतो. अडखळणं, थरथरणं, मध्येच गायब होणं हे ॲक्सेलरेशनमुळे होत नाही.

आणखी एक बघायचंच. माऊसच्या चाकामागे छोटं बटण असेल, तर बहुतेक वेळा ते डीपीआय बदलायचं असतं. बोट चुकून त्यावर पडतं, डीपीआय ८०० वरून १६०० किंवा त्याहून वर जातो आणि वाटतं की संगणकाला काहीतरी झालं. ते बटण एकेकदा दाबून पॉइंटर बदलतो का पाहा, आणि सोयीच्या वेगावर थांबा.

पायरी दुसरी: दोन पुस्तकांची चाचणी

ॲक्सेलरेशन चालू आहे का, हे सेटिंग न उघडताही कळतं. दोन जाड पुस्तकं घ्या, आणि ती जड असू द्या, म्हणजे माऊस आपटल्यावर सरकणार नाहीत. ती टेबलावर समोरासमोर ठेवा आणि मधे माऊस ठेवा. माऊस डाव्या पुस्तकाला टेकलेला असताना उजव्या पुस्तकापर्यंत ४ सेंटीमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. शाळेची पट्टी वापरून मोजा.

माऊस डाव्या पुस्तकाला टेकवा. तो तिथे टेकलेला असताना पॉइंटर पडद्याच्या मधोमध हवा, तेव्हा आधी माऊस उचलून हवेतून मागे नेत, टेबलावर टेकवून सरकवत पॉइंटर मध्याशी आणा आणि शेवटी माऊस पुन्हा उचलून पुस्तकाला लावा. पॉइंटर आता ज्या अक्षरावर किंवा चिन्हावर आहे ते लक्षात ठेवा. मग माऊस अगदी सावकाश, तीन-चार सेकंद घेत, उजव्या पुस्तकाला टेकेपर्यंत सरकवा. तिथे क्षणभर थांबा आणि एका झटक्यात डाव्या पुस्तकाकडे परत आणा.

माऊस मूळ जागी आला. पॉइंटरही मूळ खुणेजवळ आला असेल, चार-दोन पिक्सेल इकडेतिकडे, तर ॲक्सेलरेशन बंद आहे. पॉइंटर खुणेच्या बराच डावीकडे जाऊन थांबला असेल तर ते चालू आहे, कारण जाताना हळू गेलेला माऊस पॉइंटरला कमी लांब घेऊन गेला आणि येताना वेगाने आलेल्या माऊसने त्याला जास्त मागे ओढलं. हे तीनदा करा. दर वेळी पॉइंटर आणखी डावीकडे सरकत जाताना दिसेल.

एक काळजी मात्र घ्या: पॉइंटर पडद्याच्या कडेला आपटता कामा नये. कडेला आपटला की पुढची पावलं वाया जातात आणि निकाल चुकतो. तसं होत असेल तर पुस्तकांमधली जागा २ सेंटीमीटर करा.

शिकवताना मी ही चाचणी करूनच घेते. सेटिंगच्या खिडकीतली एक खूण आणि टेबलावर सरकणारा आपला हात यांचा संबंध डोळ्यांनी दिसला, की पुढे समजावत बसावं लागत नाही.

पायरी तिसरी: विंडोजमध्ये सेटिंग बदला

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' मध्ये जा, मग 'माऊस'. तिथे खाली 'ॲडिशनल माऊस सेटिंग्ज' असं लिहिलेलं दिसेल. त्यावर क्लिक केलं की जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते. तिच्यात 'पॉइंटर ऑप्शन्स' हा टॅब निवडा. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, 'डिव्हायसेस', 'माऊस' आणि मग 'ॲडिशनल माऊस ऑप्शन्स'. पुढची खिडकी तीच. विंडोज ११ च्या काही नव्या आवृत्त्यांत हा पर्याय थेट माऊसच्या पानावरही मिळतो.

या टॅबमध्ये सगळ्यात वर वेगाची सरकपट्टी आहे आणि तिच्याखाली 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' असा चौकोन. चौकोनातली खूण काढा, 'अप्लाय' दाबा. झालं.

आता त्या सरकपट्टीकडे बघा, कारण इथेच बरेच जण अर्धं काम करून उठतात. तिच्यावर ११ खाचा आहेत. बरोबर मधली, म्हणजे डावीकडून सहावी खाच ही एकास एक हिशेबाची: ॲक्सेलरेशन बंद असताना माऊसचं एक पाऊल म्हणजे एक पिक्सेल. सातव्या खाचेवर दीडपट, आठव्यावर दुप्पट, आणि अकराव्या खाचेवर साडेतीनपट. दुप्पटवर ठेवलं की पॉइंटर दोन-दोन पिक्सेलच्या उड्या मारत जातो, मधल्या पिक्सेलवर तो थांबूच शकत नाही. सहाच्या खाली पाचवी खाच पाऊणपट आणि चौथी निम्मी. तिथे माऊसने मोजलेली पावलं पुरती वापरलीच जात नाहीत. म्हणून खाच सहावर ठेवावी आणि पॉइंटर हळू किंवा जलद हवा असेल तर माऊसचा डीपीआय बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सेटिंग्जच्या नव्या पानावर हीच पट्टी १ ते २० अशी दिसते. तिथला १० हा आकडा म्हणजे तीच मधली खाच.

डीपीआयचं बटण नसलेला साधा माऊस असेल, तर अर्थातच पट्टी वापरावी लागेल. तेव्हा एक खाच इकडे किंवा एक खाच तिकडे, याहून जास्त जाऊ नका.

बदल केल्यावर पुस्तकांची चाचणी पुन्हा करा. पॉइंटर खुणेवर परत यायला हवा. अजूनही भटकत असेल, तर माऊसच्या कंपनीचं स्वतंत्र सॉफ्टवेअर संगणकावर आहे का पाहा. काहींमध्ये ॲक्सेलरेशनचा आणखी एक पर्याय असतो आणि तो विंडोजच्या सेटिंगवर चढून बसतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सोनोमा किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'माऊस', तिथे 'ॲडव्हान्स्ड', आणि मग 'पॉइंटर ॲक्सेलरेशन' बंद करा. माऊस जोडलेला असेल तेव्हाच हे पान नीट दिसतं. 'ट्रॅकिंग स्पीड' ही पट्टी वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. विंडोजवरून मॅककडे आलेल्यांना पॉइंटर चिखलातून चालल्यासारखा वाटतो, त्याचं कारण म्हणजे दोन्हीकडचे वक्र वेगळे आहेत. बंद केल्यावर तो फरक बराचसा जातो.

लिनक्सवर हे काम बहुधा लिबइनपुट नावाचा घटक पाहतो. त्यात दोन मुख्य पद्धती आहेत: 'ॲडॅप्टिव्ह' म्हणजे वेगानुसार बदलणारी आणि 'फ्लॅट' म्हणजे कायम सारखी. जीनोम ही लिनक्सच्या पडद्याची एक मांडणी; नव्या जीनोममध्ये 'माऊस अँड टचपॅड' या पानावर 'माऊस ॲक्सेलरेशन' असा पर्याय मिळतो. जुन्यात तो 'ट्वीक्स' या ॲपमध्ये असायचा. केडीई या दुसऱ्या मांडणीतही माऊसच्या सेटिंगमध्ये तो आहे. फ्लॅट निवडून स्पीडची पट्टी मधोमध ठेवली की एकास एक हिशेब होतो.

पायरी चौथी: लगेच परत फिरू नका

बंद केल्यावर पहिल्या तासात बहुतेकांना वाटतं की हे काही खरं नाही. पॉइंटर बटणाच्या अलीकडेच थांबतो. हाताला सवय असते झटका देऊन लांब जायची, आणि आता झटक्याला जादा अंतर मिळत नाही. अशा वेळी डीपीआय थोडा वाढवा. १९२० पिक्सेल रुंदीच्या साध्या पडद्याला ८०० ते १२०० डीपीआय मला पुरेसा वाटतो. ४के पडदा ३८४० पिक्सेलचा, तिथे ८०० डीपीआयवर एका टोकाकडून दुसरीकडे जायला १२ सेंटीमीटर लागतील. तेव्हा १६०० ठेवा. मग आठवडाभर काहीही न बदलता काम करा. रोज थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहिलं तर हाताला कोणताच हिशेब शिकता येत नाही.

फरक जाणवतो तो बारीक कामात. एक्सेलमध्ये दोन कॉलमच्या शीर्षकांमधली रेघ पकडून रुंदी वाढवायची असते. रेघेवर पॉइंटर आला की त्याचा आकार दुहेरी बाणासारखा होतो, आणि ती जागा अवघ्या काही पिक्सेलची असते. ॲक्सेलरेशन चालू असताना नवखा माणूस त्या रेघेवरून उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे जात राहतो, कारण घाईने केलेली दुरुस्ती प्रत्येक वेळी मोठी पडते. बंद असताना हात तेवढाच मागे घेतला की पॉइंटरही तेवढाच मागे येतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवणाऱ्या डीटीपी ऑपरेटरना कोरलड्रॉमध्ये फोटोभोवती बिंदू-बिंदूने कडा काढायची असते, त्यांनी तर हे एकदा करून पाहावंच.

कुणी चालूच ठेवावं

लॅपटॉपच्या टचपॅडवर ॲक्सेलरेशन हवंच. दहा-बारा सेंटीमीटरच्या त्या चौकोनात बोट सरकवून पूर्ण पडदा फिरायचा आणि शिवाय नेमकं क्लिकही करायचं, हे कायम एकाच हिशेबाने जमत नाही. टचपॅडच्या वेगाची पट्टी विंडोजमध्ये 'टचपॅड' या वेगळ्या पानावर असते. माऊससाठी केलेला बदल तिथे शोधू नका.

टेबलावर माऊससाठी वीतभरच जागा असेल, दोन-तीन मॉनिटर जोडलेले असतील, किंवा वर्षानुवर्षं ॲक्सेलरेशनवरच हात बसला असेल आणि काही त्रास नसेल, तर बदलायची गरज नाही. खूप लोक चालू ठेवून उत्तम अचूक काम करतात. बंद ठेवणं म्हणजेच शहाणपण, असं गेमिंगवाल्यांकडून ऐकायला मिळतं, पण ते त्यांच्या कामापुरतं खरं आहे. तिथेही आज बऱ्याच नेमबाजीच्या गेम 'रॉ इनपुट' पद्धतीने माऊसची पावलं थेट वाचतात, विंडोजचा वक्र मध्ये येतच नाही. अशा गेमसाठी विंडोजचं सेटिंग बदलून काही फरक पडत नाही. गेमच्या आतली 'सेन्सिटिव्हिटी' बघा.

घरातल्या ज्येष्ठांचा प्रश्न वेगळा असतो. हात थरथरत असेल तर आधी डीपीआय किंवा वेग कमी करा आणि पॉइंटरचा आकार मोठा करा. विंडोज ११ मध्ये हे 'ॲक्सेसिबिलिटी' खाली 'माऊस पॉइंटर अँड टच' या पानावर आहे, रंगही बदलता येतो. त्यानंतर ॲक्सेलरेशन चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे त्यांना एखादी फाइल उघडायला सांगा. कशात कमी चुका होतात ते शेजारी बसून पाहा आणि त्यांना जे सोपं जाईल ते ठेवा. आजोबांना माऊस पहिल्यांदाच हातात देत असाल तर मी बंद ठेवूनच सुरुवात करीन. हात इतका सरकला की बाण इतका सरकतो, हे नातं त्यांना लवकर पक्कं होतं.

माऊस किंवा संगणक बदलल्यावर

डीपीआय माऊससोबत जातो, ॲक्सेलरेशन संगणकावर राहतं. नवा माऊस जोडल्यावर पॉइंटर वेगळा वागला तर आधी त्याचा डीपीआय तपासा. संगणक बदलला असेल तर आधी ॲक्सेलरेशनची खूण तपासा. विंडोजमध्ये हे सेटिंग प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यापुरतं असतं. घरात मुलाचं वेगळं लॉगिन असेल तर तुमच्या बदलाने त्याला काही फरक पडणार नाही.

इंटरनेटवर ॲक्सेलरेशन काढण्यासाठी रजिस्ट्रीच्या (विंडोज आपली सेटिंगं जिथे साठवतं त्या जागेच्या) तयार फाइली मिळतात. जुन्या काही गेममुळे त्यांची गरज पडायची. आज साध्या कामासाठी त्या वापरू नका, एका चौकोनातली खूण काढून जे होतं त्यासाठी अनोळखी फाइल चालवायचं कारण नाही.

शाळेतल्या, क्लासच्या किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर सगळे एकाच लॉगिनने बसत असतील, तर उठण्यापूर्वी सेटिंग आधीसारखं करा. त्यासाठी बदल करण्यापूर्वी त्या खिडकीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा: खूण होती की नव्हती आणि पट्टी कितव्या खाचेवर होती, दोन्ही त्यात येतं.